प्रौढ रायडर्ससाठी: रविवारचा तास
सर्व प्रौढ सदस्यांना कळवण्यात येते की येत्या रविवारपासून घोडेस्वारीचं कोचिंग सकाळी साडेसहाला सुरू होईल. सुरुवातीला लंजवर (म्हणजे कोचने लांब दोरीने घोडा गोल फिरवताना), रिकिबीत पाय न घालता ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल. कुरकुर होणार, ठाऊक आहे! पण बैठक त्यानेच पक्की होते, लगामाला लोंबकळणं सुटतं आणि घोड्याच्या तोंडालाही आराम मिळतो. नंतर २० मीटरच्या वर्तुळात रायझिंग ट्रॉट, म्हणजे दुडकीच्या ठेक्यावर खोगिरातून उठणं-बसणं: घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं, दिशा बदलली की एक ठेका जास्त बसायचं. महिन्यातून एकदा उगवून थेट जंपिंग मागणाऱ्यांनाही हे चुकणार नाही. हेल्मेट आणि टाचेचे बूट सक्तीचे. खरारा, खोगीर आपलं आपण करायचं, म्हणून सहालाच तबेल्यात या. येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, घोडा दुसऱ्याला देता येईल.