शाळेचं दप्तर (म्हणजे जुनी रजिस्टरं) वाचवायला मदत पायजे, पावसाळ्याच्या आत

नमस्कार मंडळी, शाळा व्यवस्थापन समितीकडून लिहितोय. गाव आपलं पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, 2005, 2019, 2021 तिन्ही पूर बघितलेलं, त्यामुळं पूर काय असतो ते सांगत बसत नाही.

2019 च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 45 ची. कोयनेतनं विसर्ग वाढवला असं कळल्याबरोबर आपल्या हेडबाईंनी वरनं आदेश यायची वाट बघितली नाही, शाळा सोडली, मळ्यातल्या वस्तीवरची पोरं घरचं माणूस आल्याशिवाय सोडली नाहीत आणि मग सगळी जनरल रजिस्टरं प्लॅस्टिकात गुंडाळून ट्रॅक्टरनं उंचावरच्या घरात नेऊन ठेवली. टीव्ही, कॉम्प्युटर तिथंच राहिलं. बरेच जण हसले, म्हणले बाई जुन्या वह्या घेऊन पळतायत! पण टीव्ही देणगीतनं परत आला की. रजिस्टर गेलं असतं तर दाखला कुठनं काढणार, जन्मतारीख कुठली, जात पडताळणीला पणजोबाची नोंद कोण देणार? 2023 ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा हसणारेच पहिले शाळेत आले (नावं घेत नाही).

पाणी उतरल्यावर मदत भरपूर आली, त्याबद्दल आभारच, पण खरं सांगायचं तर एकेका पोराला तीन तीन दप्तरं आणि संडास धुवायला फिनेल नाही, खराटा नाही, टाकीतला गाळ काढायला पंप नाही. बाईंना कुणी विचारलंच नाही काय पायजे ते. म्हणून यावेळी यादी त्यांचीच आहे.

माडीवरच्या खोलीत रजिस्टरं ठेवायला दोन लोखंडी कपाटं, झाकणाच्या पत्र्याच्या पेट्या, एक चिखलाचा पंप आणि सगळ्या रजिस्टरांचं स्कॅनिंग. कपडे, दप्तरं, वह्या कृपया नकोत. पैसे शाळेच्या खात्यावरच भरा, हातात कुणाच्या देऊ नका, समितीच्या पण नको, आणि पावती मागून घ्या. वस्तू द्यायची असेल तर आधी शाळेत विचारा, नायतर परत दप्तरंच जमतील.

पुण्या-मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनो, स्कॅनर असेल तर सुट्टीला येताना घेऊन या. आणि सगळ्यात जुन्या रजिस्टरात काही पानं मोडी लिपीत आहेत, ती वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर लगेच कळवा, पैशापेक्षा त्याची जास्त नड आहे.