देव्हाऱ्यावरची काजळी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या कार्बनचं शेवटी झालं काय?" मी पावसाचा विषय काढला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आपल्या देव्हाऱ्यामागची भिंत डोळ्यांसमोर आणा. आरतीच्या कापराने वर्षभरात ती काळी व्हायची आणि चवथीआधी तुम्ही काजळी खरवडून चुना काढायचात. इथे जपानात, नागोयाला, मी कापूरच घेते, फक्त पेटू देत नाही. क्वार्ट्झच्या नळीत, आर्गॉन वायू सोडून, त्याची वाफ साधारण 900 अंशांवरच्या भट्टीतून नेते. सोबत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. कापरातला कार्बन त्या कणांवर धरतो आणि नळ्या होऊन वाढतो. भट्टी निवली की आत काळी मखमल दिसते. बोटाला लागली तर साबणानेही लवकर जात नाही. कापरापासून अशा नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, करण्याचं काम आयआयटी मुंबईतही झालं आहे, हे मी इथे सगळ्यांना आवर्जून सांगते.

या नळ्यांकडे जगाचं लक्ष गेलं ते 1991 मध्ये, सुमिओ ईजिमा या जपानी शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधामुळे. बारीक नळी जेमतेम एक नॅनोमीटरची, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी, म्हणजे आपला केस तिच्यापुढे माडाच्या खोडासारखा. त्यातून वीज फार सहज वाहते, म्हणून त्यांचे ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी इवलाली बटणं, करायचे.

आई, अडचण तुला लगेच कळेल. दर तीन दाण्यांत एक खडा असलेले तांदूळ कुणी तुझ्या सुपात ओतले तर? साधारण तिसरा हिस्सा नळ्या धातूसारख्या निघतात. त्यांच्यातली वीज बंदच करता येत नाही, आणि बंद न होणारं बटण काय कामाचं! रंगरूप सारखंच, त्यामुळे वेचून काढणं महाकठीण. माझी बहुतेक वर्षं या निवडण्यातच गेली.

काम पुढे सरकतंय. 2013 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 178 ट्रान्झिस्टरांचा नॅनोट्यूब संगणक चालला, 2019 मध्ये तिथल्याच एमआयटी या संस्थेने तो आकडा 14,000 च्या वर नेला. तुमच्या फोनच्या चिपवर मात्र अब्जावधी असतात. तेव्हा बाबा, "लेकीने केलेली वस्तू" म्हणून वाडीत दाखवता येईल असं काही लवकर हाती येईल, असा शब्द मी देत नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी चवथीला तिकीट मिळालं नाही म्हणाले होते, ते खोटं होतं. तेव्हाच्या प्रयोगशाळेने माझा करार वाढवला नव्हता. माझ्या कामाला वेळ लागतो, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. पाच महिने बिनपगारी होते आणि दर रविवारी तुमच्याशी हसून बोलत होते. आई, तू एकदाच विचारलंस, "जेवतेस ना गो वेळेवर?" फोन ठेवून मी खूप रडले. तुमच्यापासून लपवायला नको होतं. माफ करा. आता नवी जागा आहे, काम तेच आहे, आणि मला तेच करायचं आहे.

यंदा येते, तिकीट काढलं आहे. बाबा, भिंतीला चुना मी आल्यावर काढू. खरवडलेली काजळी टाकू नका, कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. ती मला इथल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आहे.

तुमची,
बाबी