ऑटोमॅटिक घ्या, पण कोणतं ते विचारून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडी घ्यायची म्हटली की सध्या घरोघरी एकच वाद, गिअरवाली घ्यायची का ऑटोमॅटिक. माझं मत विचाराल तर ज्याला रोज बर्डी, इतवारी नाहीतर गांधीबागेत गाडी न्यावी लागते अन् गुडघेही दुखून राहिले त्यानं ऑटोमॅटिकच घ्यावी, व्हरायटी चौकात क्लच दाबून दाबून डाव्या पायाचे काय हाल होतात ते नागपूरकरांना सांगायला नको. ज्याचं चालवणं मुख्यतः समृद्धीवर आहे त्यानं मात्र जास्तीचे पैसे कशाला घालायचे, तिथे टॉप गिअर टाकला की तसाही हात लावावा लागत नाही.

पण शोरूममधे नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणतात, आत काय आहे ते कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येते. आपल्या बजेटातल्या बऱ्याचशा गाड्या एएमटी असतात, 2014 मधे सेलेरिओपासून हे आपल्याकडे चालू झालं. त्यात गिअरबॉक्स अन् क्लच मॅन्युअल, म्हणजे गिअरवाल्या गाडीचाच, फक्त दाबायचं अन् बदलायचं काम मशीन करते. म्हणून स्वस्त पडते, ॲव्हरेजही चांगला देते, पण गिअर बदलताना झटका जाणवते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार घेतले तर गाडी मऊ चालते, पण किंमत वाढते.

माझ्या साळ्यानं एएमटी घेतली. रामझुल्याच्या पुलावर चढावात ट्रॅफिक अडकली की तो ब्रेक न दाबता ॲक्सिलेटर हलका दाबून गाडी तिथंच धरून ठेवायचा, एक दिवस जळका वास यायला लागला, वर्कशॉपमधे कळलं की क्लच तापला. चढावर ब्रेकवरच थांबा, एवढं एक वाक्य डिलिव्हरी देताना सांगायला काय जात होतं? चिखलदऱ्याचा घाट उतरताना मॅन्युअल मोडमधे खालचा गिअर टाकायचा, नाहीतर ब्रेक तापतात, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लायसन्स दोन्हीला एकच चालते, एलएमव्ही म्हणजे हलक्या गाड्यांचं, त्यामुळे ऑटोमॅटिक शिकायला कोणी जातच नाही. मग सवयीनं डावा पाय क्लच समजून ब्रेकवर जोरात पडते अन् मागचा गाडीवाला येऊन आदळते. शोरूमवाल्यांनी टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर न देता पुलाच्या चढावर, ट्रॅफिकमधे द्यावी अन् ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एकतरी ऑटोमॅटिक गाडी ठेवावी, ही विनंती आपल्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर