शेवाळ नव्हे, रिक्सिया

महोदय,

पावसाळ्यात मुंबईतल्या ओल्या मातीवर आणि कुंड्यांत दोन-दोन फाटे फुटत पसरणारे चपटे हिरवे थर सरसकट 'शेवाळ' ठरतात. त्यांतले पुष्कळ रिक्सिया असतात (लिव्हरवर्ट गटातली, मॉसची नातलग अशी छोटी वनस्पती; पाठ्यपुस्तकातली तीच!). जाती वेगळ्या करताना रंग-रुंदीवर विसंबू नये; सावलीत तीच जात लांबट, फिकट होते. ताज्या थॅलसचा (म्हणजे तिच्या चपट्या हिरव्या अंगाचा) ब्लेडने पातळ आडवा छेद घ्यावा. मधली खाच अरुंद की पसरट, जाडीच्या मानाने रुंदी किती, खालचे खवले कडेबाहेर डोकावतात का, हे पाहावे. खरा निकाल बीजाणूंचा. ते थॅलसमध्येच रुतलेले असतात. पिकून गडद झालेले काढून ४०० पट मोठे करून पृष्ठावरची जाळी तपासावी. कच्च्या बीजाणूंवर ती पुरती उमटत नाही, आणि इथेच ओळख चुकते.

– एक वनस्पती-अभ्यासक, बोरिवली