तारे नकोत, प्रेक्षकांची मते छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात एका पत्रलेखकांनी अशी तक्रार केली होती की, हल्ली तिकीट काढलेला प्रत्येक जण समीक्षक होतो, मध्यंतरातच मोबाइलवरून चित्रपटाचा निकाल लावून मोकळा होतो आणि त्यात चांगल्या मराठी चित्रपटांचा बळी जातो. सबब मत देण्याचे काम जाणकारांवर सोपवावे. तक्रारीचा पहिला भाग मला मान्य आहे. मध्यंतरात दिलेल्या मताला अर्ध्या तिकिटाचीही किंमत देऊ नये. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. सामान्य प्रेक्षकाने गप्प बसण्यापेक्षा अधिक बोलावे, मात्र काय पाहिले ते सांगून बोलावे, आणि त्यासाठी आपल्या दैनिकाने त्याला हक्काची जागा द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. सौदे आटोपून डबे उघडले की हमाल, मापाडी, टेम्पोवाले आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन आलेले शेतकरी यांच्यात आदल्या रात्रीच्या मालिकेचा विषय हमखास निघतो. मध्यंतरी एका मालिकेत गुऱ्हाळाचा प्रसंग दाखवला होता. नायिका रेशमी साडी नेसून उकळत्या काहिलीच्या अगदी काठाशी उभी राहून संवाद म्हणत होती आणि गाणे संपते न संपते तोच गुळाची ढेप तयार होऊन तिच्या हातात आली होती. आमच्याकडे कागल भागातून माल आणणारे एक वयस्कर गुळवे, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, आहेत. सगळे जण नायिकेच्या साडीवर बोलत असताना ते म्हणाले, "चुलवाणापाशी जळव्याच न्हाई, मग जाळ घालतंय कोण?" मळी कोणी काढली नाही, पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी थेंबभर रस थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते कोणी पाहिले नाही, काहील वाफ्यात रिकामी केली नाही, हे सगळे त्यांनी एका दमात सांगून टाकले. पण त्यांचे पुढचे बोलणे माझ्या अधिक लक्षात राहिले. त्याच भागात नायिकेच्या वडिलांच्या हातात अडत्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, येते. तो नट ती पट्टी हात लांब करून वाचतो, चार घड्या घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो आणि काहीही न बोलता टोपी नीट करतो. "त्ये मात्र खरं हाय," गुळवे म्हणाले, "पट्टी बघितल्यावर माणूस बोलतच न्हाई." गेली कित्येक वर्षे मी रोज पट्ट्या लिहितो, त्या वाचणाऱ्यांचे चेहरेही पाहतो. हे निरीक्षण मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळाले नव्हते.

त्या प्रसंगाला पाचपैकी अडीच तारे दिले असते, तर त्यातून कोणाला काय कळले असते? खोटे काय आणि खरे काय, हे दोन्ही त्या माणसाने एकाच प्रसंगातून वेगळे काढून दाखवले. असे जाणकार घरोघरी आहेत. त्यांना आपण समीक्षक म्हणत नाही, एवढेच. सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या परिचारिकेला मालिकेतले रुग्णालय पाहून हसू आवरत नाही, कारण तिथे अतिदक्षता विभागात अख्खे कुटुंब दागिन्यांसह उभे असते. तालमीतल्या वस्तादांना हौद्यात उतरणाऱ्या नटाने माती कशी उचलली यावरून पुढची कुस्ती समजते. आमच्या वहिनी शिवाजी पेठेत वाढल्या. त्या आजही "मी येतो", "मी जातो" असेच बोलतात आणि छोट्या पडद्यावरच्या कोल्हापूरच्या सुना मात्र पुण्याच्या शाळेत शिकल्यासारख्या का बोलतात, असे विचारतात. पुरुष पात्रांचे याच्या उलट. कोल्हापूरचा म्हटला की तो ओरडणार, मिशीला पीळ देणार आणि दर दोन वाक्यांनंतर तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा विषय काढणार. आमच्या शेजारी एक अत्यंत मितभाषी पैलवान राहतात. त्यांच्यासारखा माणूस मी अद्याप एकाही मालिकेत पाहिलेला नाही.

शिवाय कोल्हापूरचा प्रेक्षक हा निव्वळ प्रेक्षक नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, 1929 मध्ये प्रभात कंपनी स्थापन झाली तीही इथेच, आणि 1932 चा 'अयोध्येचा राजा' हा बोलपटही याच शहरात तयार झाला. हा इतिहास आपण भाषणांत फार वेळा ऐकतो, म्हणून तो इथेच सोडतो. मुद्दा इतकाच की, आजही मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत चित्रीकरणे होत असतात, आणि आमच्या दुकानातले दोन हमालच गर्दीच्या प्रसंगांत उभे राहून आले आहेत. एकच मिरवणूक सहा वेळा कशी चालवतात, पाऊस कसा पाडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे ते भाबडेपणाने मालिका पाहतात, असे कोणी समजू नये.

मालिका लोकप्रिय आहे की नाही हे टीआरपीवरून कळतेच, मग वेगळी मते कशाला हवीत, असा प्रश्न कोणी विचारील. दर गुरुवारी येणारे हे आकडे बार्क ही संस्था देशभरातील 50 हजारांहून अधिक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. ती यंत्र ओळखते आणि घरातील कोण पाहत आहे, हे त्या-त्या व्यक्तीने बटण दाबून कळवायचे असते. पद्धत म्हणून ती ठीक आहे, जाहिरातदाराला तेवढे पुरतेही. पण संच सुरू आहे, समोर आजी बसल्या आहेत आणि त्या मेथी निवडता निवडता अधूनमधून मान वर करत आहेत, यातले शेवटचे वाक्य यंत्राला कळत नाही. अपहरणाच्या आठवड्यात आकडा चढला की आणखी एक अपहरण येते. लोकांनी ते आवडीने पाहिले की एकदाचे संपावे म्हणून पाहिले, याची नोंद कुठेच होत नाही. ती नोंद फक्त प्रेक्षकाच्या बोलण्यात सापडते.

चित्रपटांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि आपल्या पत्रलेखकांचा राग इथे समजण्यासारखा आहे. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात चित्रपट आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून असे. 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये 130 हून अधिक आठवडे चालला. एवढ्या अवधीत पाहून आलेल्याचे मत गल्लीत, गल्लीतून गावात आणि गावातून बैलगाडीने पुढच्या गावात जाऊ शकत होते. आता शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाचे खेळ सोमवारी कमी होतात. मल्टिप्लेक्समध्ये दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी चित्रपटाला जागा मिळावी, असा निर्णय राज्य सरकारने 2015 मध्ये घेतला खरा. परंतु कामावर जाणाऱ्या माणसाला मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळ काय उपयोगाचा? आमच्यासारखे लोक रविवारीच चित्रपट पाहणार आणि त्यांचे मत सोमवारी दुकानात पोहोचणार, तोपर्यंत चित्रपट उतरलेला. तेव्हा मत लवकर द्यावे लागते आणि लवकर दिलेले मत उथळ होते, हा दोष एकट्या प्रेक्षकाचा नाही. उमा टॉकीज किंवा व्हीनस कॉर्नर ही नावे पत्ता सांगण्यासाठी आपण रोज घेतो, पण खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर उभे राहून तासभर वाद घालण्याची ती सोय आता राहिलेली नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 रोजी आग लागली, तेव्हा अनेकांना रंगमंचाइतकीच बाहेरच्या त्या गप्पांचीही आठवण झाली असेल.

आता प्रेक्षकांचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते कमी नाहीत. पहिला दोष निकालाची घाई. "एक नंबर", "भंगार", "डोक्याला शॉट", "बघून घ्या", यापलीकडे पुष्कळांचे मत जात नाही. आमच्याकडे सौद्याला व्यापारी उभा राहतो तेव्हा तो रव्याचा कपरा काढतो, रंग पाहतो, कणी पाहतो, जिभेवर ठेवून खारट लागतो का ते पाहतो आणि मगच भाव बोलतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र माल न फोडताच भाव बोलला जातो. दुसरा दोष याहून नवा आहे. घरी मोबाइलवर चित्रपट पाहताना गाणी पुढे ढकलायची, संथ प्रसंग दीडपट वेगाने पळवायचे, मध्येच आलेले निरोप वाचायचे आणि शेवटी "फार तुकड्या-तुकड्यांचा वाटला" असे म्हणायचे! तुकडे कोणी केले, हेही मतात आले पाहिजे. तिसरे म्हणजे रहस्य फोडण्याची हौस. खुनी कोण हे सांगितल्याशिवाय आपण चित्रपट पाहिला यावर लोकांचा विश्वास बसणार नाही, असे काहींना वाटते की काय, न कळे. आणि खलनायिका रंगवणाऱ्या अभिनेत्रीला तिच्या रूपावरून व घरच्यांवरून गलिच्छ शब्दांत संदेश पाठवणे याला तर मत म्हणताच येणार नाही. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

प्रेक्षकांचा कौल म्हणजे अंतिम न्याय, असेही माझे म्हणणे नाही. बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होती आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना सरावलेल्या त्या वेळच्या प्रेक्षकांनी तो फारसा उचलून धरला नाही. पुढे 1936 मध्ये बाबूरावांनी त्याच कथेवर बोलपट केला, आणि आज भारतीय वास्तववादी चित्रपटाचा उगम सांगताना याच 'सावकारी पाश'चे नाव घेतले जाते. मला नेहमी असे वाटते की, त्या मूकपटाला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याने घरी जाऊन काय सांगितले, हे कोणी लिहून ठेवले असते तर ते जमाखर्चाच्या आकड्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरले असते. चित्रपट चालला नाही एवढे आपल्याला ठाऊक आहे. पाहणाऱ्यांपैकी कोणाला तो आपलाच वाटला, हे मात्र कायमचे हरवले.

म्हणून विनंती अशी की, आपल्या रविवारच्या पुरवणीत परीक्षणाशेजारी ताऱ्यांची जी रांग छापली जाते तिला रजा द्यावी आणि ती जागा, वाटल्यास आणखी पाव पान, वाचकांच्या मतांना द्यावी. परीक्षण अवश्य राहू द्यावे. अभ्यासू माणसाचे काम अभ्यासू माणसानेच करावे. वाचकांच्या मताला शंभर-सव्वाशे शब्दांची मर्यादा असावी. चित्रपट कुठे पाहिला, पूर्ण पाहिला की अर्धा, मालिका रोज पाहतो की येता-जाता, हे लिहिणाऱ्याने आधी सांगावे. त्यानंतर निदान एक प्रसंग नेमका सांगून तो का भावला किंवा का खटकला ते लिहावे. शेवट सांगणारे पत्र सरळ बाजूला ठेवावे. लहान मुलांना नेण्याजोगा चित्रपट आहे का, हेही पालकांनी पालकांना सांगावे. मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहावा असे सांगणाऱ्या यूए प्रमाणपत्राचे 2024 पासून 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे झाले असले, तरी तिकीट काढताना त्याकडे कोणाचे लक्ष जाते? आणि केवळ नवेच पाहिले पाहिजे असे बंधन नसावे. कोणी काल रात्री चाळीस वर्षांपूर्वीचा चित्रपट पाहिला असेल, तर त्याच्यासाठी तो कालचाच आहे.

एक आग्रह मात्र आहे. गडहिंग्लजच्या, राधानगरीच्या, शिरोळच्या माणसाने आपल्या बोलीत लिहिले, तर ते शुद्ध करून छापू नये. मजकूर जुळवताना हात शिवशिवतो, हे मीही जाणतो. पण जळव्याबद्दलचे ते वाक्य प्रमाण भाषेत लिहून पाहिले, तर त्यातली अर्धी टीका गळून पडते.

सदर सुरू होणार असेल तर पहिल्या काही आठवड्यांची मते आमच्या दुकानातून गोळा करून पाठवण्याची जबाबदारी मी घेतो. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, मी उतरवून घेईन. फक्त निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढचे चार महिने इथे कोणाला मालिका बघायलाच काय, तिला नावे ठेवायलाही सवड मिळत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर