गोळी एकच लागते म्हणून रिव्हॉल्वर घ्यायची का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी घरांमधल्या बंदुकांवर लेख आला होता, त्यात एका ठिकाणी असं होतं की घरात ९ एमएमचं पिस्तूल असेल तर बायकोसाठी रिव्हॉल्वरही ९ एमएमचीच घ्यावी, दोन्हींना गोळ्या एकाच प्रकारच्या लागतात. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. आमच्याकडे ह्युस्टनला सध्या हाच विषय चाललाय म्हणून लिहितोय, कारण ती गोष्ट अर्धीच सांगितलीये.

पिस्तुलाच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कडा नसते, मॅगझिनमधे ती एकावर एक नीट बसावीत म्हणून. आणि रिव्हॉल्वरचं तर सगळं त्या कडेवरच चालतं, काडतूस चेंबरमधे (सिलिंडरमधल्या भोकात) किती आत जाणार ते तीच ठरवते आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळ्या ढकलणारा भाग) तिलाच धरतो. मग कडा नाही तर करायचं काय, तर पोलादाची एक पातळ चकती असते, मून क्लिप म्हणतात, तिच्यात सगळी काडतुसं अडकवायची आणि अख्खी चकतीच सिलिंडरमधे टाकायची.

हे काही नवीन नाही बरं का. १९१७ मधे अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा .४५ ची 'मॉडेल १९११' नावाची पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनला सांगितलं की तुमच्या मोठ्या रिव्हॉल्वर याच .४५ च्या गोळीवर चालतील अशा करून द्या. दोघांनी मिळून सुमारे तीन लाख दिल्या. तीन-तीन गोळ्यांची अर्धी चकती तेव्हाची. सुरुवातीच्या कोल्टमधे तर चेंबर आरपार सरळ होतं त्यामुळे चकतीशिवाय ती चालतच नसे, स्मिथची चालायची पण पुंगळ्या मग काडीने टोचून काढा. पुढे १९२० च्या सुमारास पीटर्स कंपनीने याच .४५ ला जाड कडा लावून वेगळं काडतूसच काढलं, म्हणजे गोळी एकच लागेल हा जो मूळ फायदा तोच गेला की नाही!

आता फायदे नाहीत असं मी म्हणत नाही. चकती असली की भरणं भयंकर फास्ट होतं, १९९९ मधे जेरी मिक्युलेक या नेमबाजाने सहा गोळ्या झाडल्या, परत भरल्या, परत सहा झाडल्या आणि सगळं २.९९ सेकंदात, ते अशाच चकतीवर चालणाऱ्या .४५ रिव्हॉल्वरने. ९ एमएमची पुंगळी आखूड असल्यामुळे छोट्या रिव्हॉल्वरमधूनही ती पूर्ण बाहेर पडते, .३८ स्पेशलची (हे रिव्हॉल्वरचं नेहमीचं, कडेचं काडतूस) लांबडी पुंगळी कधीकधी अर्ध्यात लटकते. आणि ९ एमएम इथे .३८ पेक्षा स्वस्त पडते हेही खरं.

पण आमच्या हिच्या बोटांना संधिवात आहे. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढवत नाही म्हणून तर रिव्हॉल्वरचा विषय निघाला, आणि त्या चकतीत काडतुसं दाबून बसवायची, नंतर पुंगळ्या उपसून काढायच्या, त्याला वेगळं हत्यार मिळतं पण तेही बोटांनीच चालवायचं ना. चकती जरा वाकली की सिलिंडर अडखळतो, चाप आणखी जड होतो, तो मुळात पिस्तुलापेक्षा जड असतोच (हे लेखात आलंच नाही). खिशात सुटी चकती ठेवून फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चार्टर आर्म्स कंपनीची पिटबुल ही ९ एमएम रिव्हॉल्वर चकतीशिवाय चालते, तिच्या एक्स्ट्रॅक्टरमधेच स्प्रिंगची सोय आहे, पण रिव्हॉल्वर हलकी असली की दुसरी भानगड आहेच. ९ एमएमचा धक्का जोरात बसतो आणि पिस्तुलाच्या काडतुसाचं तोंड रिव्हॉल्वरच्या काडतुसासारखं आत वळवून आवळलेलं नसतं, त्यामुळे उरलेल्या काडतुसांतली गोळी हळूहळू पुढे सरकते आणि फारच सरकली तर सिलिंडर फिरायचा थांबतो. रुगर कंपनीची ९ एमएमची एलसीआर रिव्हॉल्वर अर्ध्या किलोचीसुद्धा नाही, तिच्यात कुठलीही ९ एमएम टाकून भागेल असं समजू नये, जी वापरणार तीच रेंजवर झाडून बघावी.

आमचं जवळजवळ ठरलंय, पोलादी, वजनदार, घोडा बाहेर असलेली (म्हणजे अंगठ्याने मागे ओढला की चाप हलका होतो) आणि .३८ स्पेशलची. त्यात सौम्य वॉडकटर (सपाट तोंडाच्या, निशाणबाजीच्या) गोळ्या मिळतात, महाग आहेत, असू देत. ज्याच्याकडे ९ एमएमचा साठा आहे, बोटं धड आहेत आणि जो महिन्यातून दोनदा रेंजवर जातो त्याने खुशाल ९ एमएमची घ्यावी, मजा येते.

आणखी एक, एच-वनवर असलेल्या पोरांनी तो लेख वाचून दुकानात जाऊ नये, त्या व्हिसावर बंदूक काय गोळी बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे, शिकारीचं लायसन वगैरे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. भारतात तर ९ एमएम प्रतिबंधित बोअर (सामान्य नागरिकाला साध्या परवान्यावर न मिळणारा), त्यामुळे साताऱ्याहून ज्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर "मामा, इथे मिळेल का" विचारलं त्याला तिथल्या तिथे नाही सांगितलं.

त्याच लेखातल्या चौकटीत भारतात बनणारी कानपूरची रिव्हॉल्वर आणि अशनी पिस्तूल दोन्ही ".३२ च्या गोळीवर" चालतात असं छापलंय, त्याची दुरुस्ती मात्र कृपया छापा. रिव्हॉल्वरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, पिस्तुलाचं .३२ एसीपी, आकडा सारखा दिसला तरी काडतुसं वेगळी आहेत, आणि एखादं दुसऱ्याच्या चेंबरमधे शिरलं म्हणून ते झाडायचं नसतं.

आपला,
एक वाचक, ह्युस्टन, टेक्सास