कारणाचा रकाना नसलेला अर्ज

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढेच विचारलेत, "कारण काय लिहिले आहेस?" मला उत्तर देता आले नाही, कारण आम्ही कारण लिहिलेलेच नाही. तोंडी सांगितले असते तर ते उर्मट वाटले असते, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल केला आहे. तुम्हाला आधी सांगितले नाही, ही माझी चूक. आईचा रक्तदाब जागेवर येईपर्यंत थांबावे असे ठरवले होते, आणि मग थांबण्याचीच सवय लागली.

हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात घटस्फोटाची कारणे दिली आहेत : व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षे जोडीदाराला टाकून जाणे, आणखीही काही. त्यातले कोणतेही घेतले की एकाने आरोप करायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, आणि घरातल्या माणसांनी साक्षीला जायचे. ताईमावशीच्या वेळी बाबा, तुम्ही साक्ष देऊन आलात आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत. मी सातवीत होते. खुंटीवर तसाच लटकलेला तुमचा इस्त्रीचा शर्ट मला अजून दिसतो.

१९७६ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १३-ब आले, परस्परसंमतीचे. त्यात दोघांनी मिळून एवढेच सांगायचे असते की आम्ही वर्षभर किंवा अधिक काळ वेगळे राहत आहोत, एकत्र नांदू शकलो नाही, आणि हे लग्न संपवावे असे आमचे ठरले आहे. का, हे लिहावे लागत नाही. मात्र त्यासाठी दोघांचीही संमती हवी. तो तयार होत नव्हता तेव्हा एका वकिलांनी माझ्यासाठी क्रूरतेच्या कारणावर मसुदा केला होता. त्यात त्याच्या नावापुढे 'मानसिक छळ' वाचले, आणि तुमच्या मोतीबिंदूनंतर घड्याळ उशाशी ठेवून दर चार तासांनी तुमच्या डोळ्यांत थेंब घालणारा तोच माणूस आठवला. मी मसुदा परत केला. 'लग्न पार मोडले आहे' एवढ्यावर घटस्फोट देण्याची तरतूद या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली तसा देऊ शकते, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले, पण तिथवर कोण जाणार? त्याने सही केली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आई, तू म्हणशील, "एकाच घरात तर होतात, वेगळे कधी राहिलात?" वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, मग छप्पर एक असले तरी चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा मी हॉलमध्ये झोपत होते आणि खोलीतला पंखा आवाज करतो असे सांगितले होते. ते खोटे होते.

अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिने थांबावे लागते. ही मुदत माफ करता येते, असा २०१७ चा निकाल आहे, पण आम्ही तशी विनंती केलेली नाही. घाईत केले, असे मला स्वतःलाही पुढे वाटायला नको. या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे खरे आहे. तरीही आई, या सहा महिन्यांवर आशा लावून बसू नकोस.

मी नीट आहे. नव्या घराच्या खिडकीतून सकाळचे ऊन पार अंथरुणापर्यंत येते, झोप पुरेशी लागते, आणि डबा मी स्वतःच करते (आईसारखा होत नाही, हे कबूल). लहानपणी ताप आला की तुम्ही दोघे आळीपाळीने कपाळावर हात ठेवायचात, तेवढे मात्र आता हवेसे वाटते.

आता ऐका. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, माझ्या काळजीच्या नावाखाली तर नाहीच. त्याच्या आईंना फोन करू नका. करावासा वाटला तर आधी मला करा. बाबा, मुदत ठेव मोडायची नाही. कोणी विचारले तर "दोघांनी मिळून ठरवले" एवढेच सांगा, कारण अर्जातही तेवढेच आहे.

शनिवारी येते आहे. माझ्या खोलीतले बाबांचे कागदांचे गठ्ठे हलवू नका. मी हॉलमध्ये झोपेन, आणि या वेळी पंख्याचे निमित्त सांगणार नाही.

तुमची,
धाकटी